शाईपेन भरण्याची तंत्रं : सगळा हिशेब हवेचा

घरातलं कुठलंही शाईपेन घ्या आणि दौत उघडण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा : या पेनातली हवा कुठून बाहेर जाणार? ड्रॉपर, रबरी पिशवी, दट्ट्या, कन्व्हर्टर, व्हॅक्यूम ही गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत निघालेली तंत्रं म्हणजे या एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरं आहेत. पेन शाई ‘ओढतं’ असं आपण बोलतो खरं, पण आतली हवा कमी झाली की बाहेरच्या वातावरणाचा दाबच दौतीतली शाई आत ढकलतो. आणि पेन गळतं तेव्हाही शाईला शिव्या देण्यात अर्थ नसतो. बहुतेक वेळा हवेनेच तिला धक्का मारलेला असतो. हे ध्यानात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

आधी निब आणि जीभ

निबच्या मधोमध चीर असते आणि निबच्या पोटाला चिकटून एक काळा तुकडा असतो, तो म्हणजे जीभ किंवा फीड. जिभेच्या पाठीवर केसाएवढी बारीक खाच असते. समईच्या वातीत तेल चढतं त्याच केशाकर्षणाने शाई या खाचेतून निबच्या चिरेत आणि तिथून कागदावर येते. मात्र टाकीतून जेवढी शाई गेली तेवढी हवा आत आली नाही तर टाकीतला दाब घटतो आणि दोन-चार ओळींत पेन कोरडं पडतं. म्हणून त्याच जिभेतून हवेचे बुडबुडे उलट दिशेने वर चढावे लागतात. शाई खाली आणि हवा वर, अशी ही देवघेव बेताबेताने चालवणारी जीभ न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांनी बसवली. त्यांचं पेटंट १८८४ सालचं. त्याआधीची पेनं एकतर लिहायची नाहीत, नाहीतर एकदम शाई ओकायची.

जिभेच्या खालच्या अंगाला बारीक आडवे काप दिसतात. ती नक्षी नव्हे. टाकीतून अचानक जास्तीची शाई आली तर ती या कापांत थांबते, कागदावर पडत नाही. किती शाई थांबेल याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा पुढे कामाला येणार आहे.

निबवाटे भरायच्या कुठल्याही पेनाला लागू पडणारा नियम इथूनच निघतो. निब पूर्ण बुडली पाहिजे, अगदी बोटांनी धरायच्या भागाची कड शाईला टेकेपर्यंत. निबचं नुसतं टोक बुडवून भरायला गेलात तर जीभ उघडी राहते आणि शाईऐवजी हवाच आत जाते. दौत तळाला आली असेल तर ती तिरकी करा, किंवा शाई छोट्या अरुंद बाटलीत काढून घ्या.

ड्रॉपरचं पेन

आपल्याकडे हेच सर्वांत जुनं आणि अजूनही सर्वांत जास्त प्रेमाने वापरलं जाणारं. राजमुंद्रीचं रत्नम, हैदराबादचं डेक्कन, मुंबईचं एअरमेल ही नावं याच घराण्यातली. वर्ध्याच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पांमार्फत रत्नमचं स्वदेशी पेन गांधीजींकडे गेलं आणि १९३५ साली त्यांनी आभाराचं पत्र पाठवलं. यंत्र म्हणावं असं या पेनात काहीच नाही. पेनाची नळी हीच टाकी, आणि भरताना हवा उघड्या तोंडातून आपोआप निघून जाते. बिघडण्यासारखा एकच भाग, तो म्हणजे आटे.

१. पेन निब वर करून उभं धरा आणि निबचा भाग फिरवून सोडवा. निब खाली असताना सोडवलंत तर उरलेली शाई हातावर येईल.

२. ड्रॉपरने शाई नळीच्या आतल्या भिंतीवरून हळू सोडा. आटे जिथे सुरू होतात त्याच्या साधारण अर्धा सेंटिमीटर खाली थांबा. जिभेचं मागचं टोक आत उतरतं तेव्हा त्यालाही जागा लागते. काठोकाठ भरलेलं पेन बंद करताना हमखास ओघळतं.

३. आटे कोरड्या फडक्याने पुसा आणि त्यांवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. पाण्याच्या फिल्टरच्या ओ-रिंगला, म्हणजे रबरी कड्याला, लावतात तेच ग्रीस चालतं. व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियमने रबर फुगतं आणि सैल पडतं.

४. हाताने घट्ट होईल तेवढंच आवळा. पक्कड लावायची गरज पडत असेल तर आट्यांत वाळलेली शाई अडकली आहे. आधी ती धुवा.

५. निब खाली करून एखादा मिनिट टिश्यूवर टेकवून ठेवा. जीभ भिजली की पेन चालू होतं. झटकायचं नाही. शाळेतल्या सदऱ्यांवरचे डाग आठवत असतील तर कारण सांगायला नको.

आता ड्रॉपरच्या पेनाची खोड. भरलेलं असताना ते शहाण्यासारखं वागतं आणि शाई संपत आली की मध्येच टपकन थेंब टाकतं. पुष्कळांना हे उफराटं वाटतं. हिशेब करून पाहा. समजा टाकीत अडीच मिलिलिटर हवा आहे. सकाळी खोलीत २८ अंश होते, आणि दुपारी खिशात किंवा उन्हात पेन ४२ अंशांपर्यंत तापलं. निरपेक्ष तापमानात (सेल्सियस अंशांत २७३ मिळवून) ही वाढ ३०१ वरून ३१५, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास. हवा तेवढीच फुगते, म्हणजे सव्वा दशांश मिलिलिटरच्या जवळपास. एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा, म्हणजे दोन-अडीच थेंब शाई बाहेर ढकलली जाणार. थोडी कापांत मावेल, उरलेली वहीवर. टाकी भरलेली असती तर आत फुगायला हवाच नव्हती.

म्हणून नियम असा : एक तृतीयांश शाई उरली की पेन भरून टाका, संपेपर्यंत थांबू नका. आणि अर्धवट भरलेलं पेन खिशातून काढल्यावर लगेच कागदावर टेकवू नका. निब वर करून नळी अर्धा मिनिट मुठीत धरा. हवा जेवढी फुगायची तेवढी फुगते आणि निब वर असल्यामुळे शाईला न ढकलता तिच्या वरून निघून जाते. मग लिहा. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात ही सवय सोन्यासारखी आहे.

एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची, जाड नळी हाताची ऊब आत सावकाश पोहोचू देते, शिवाय एबोनाइटची जीभ शाईने छान भिजते. पातळ प्लॅस्टिकच्या नळीला यातलं काही जमत नाही. ड्रॉपरचं पेन घ्यायचं तर माझं मत एबोनाइटला.

साध्या कार्ट्रिजच्या पेनाचं ड्रॉपरचं पेन करता येतं, पण दोन अटींवर. नळीला कुठेही भोक नको आणि आत धातू नको. लॅमी सफारीच्या नळीला शाई दिसण्यासाठी खिडकी कापलेली असते, त्यामुळे ती बाद. पितळी नळीची चिनी पेनंही बाद, शाई आतून धातू खाते. प्लॅटिनम प्रेपी आणि प्लॅस्टिकचं कावेको स्पोर्ट यांत हे चांगलं जमतं. आट्यांच्या मुळाशी एक ओ-रिंग, वर ग्रीस. पहिला दिवस शाईऐवजी पाणी भरून पेन टिश्यूवर आडवं ठेवा. टिश्यू कोरडा राहिला तरच शाई.

कार्ट्रिज आणि कन्व्हर्टर

आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक पेनांत हेच असतं. कार्ट्रिज म्हणजे शाईची बंद कुपी. पेनातल्या टोकदार नळीवर दाबली की तिचं तोंड फुटतं. भरण्याचा प्रश्नच नाही, बदलायची. छोट्या आंतरराष्ट्रीय मापाच्या कार्ट्रिजमध्ये पाऊण मिलिलिटरच्या आसपास शाई मावते. खरेदीच्या वेळी लोक फसतात ते मापात. पार्कर, लॅमी, पायलट, सेलर, प्लॅटिनम, क्रॉस या प्रत्येकाचं तोंड वेगळं आहे. कावेको, फेबर-कॅसल यांना आंतरराष्ट्रीय माप चालतं. ‘सगळ्यांना बसतं’ असं दुकानदाराने सांगितलं तरी पेन बरोबर नेऊन बसवून बघा. जबरदस्तीने बसवलेलं कार्ट्रिज आतली नळी मोडतं, आणि मग पेनच जातं.

रिकामी कार्ट्रिजं फेकू नका. औषधाच्या दुकानातली सिरिंज घ्या, कार्ट्रिज पाण्याने धुवा, सुई तळापर्यंत नेऊन शाई खालून वर भरा. वरून थेंब थेंब टाकलीत तर मध्ये हवेची गुठळी अडकून राहते.

कन्व्हर्टर म्हणजे कार्ट्रिजच्या जागी बसणारा छोटा पंप. बहुतेकांत मागचा खुंटा फिरवला की आतला दट्ट्या पुढे-मागे होतो. निब पूर्ण बुडवा, दट्ट्या आधी पुढे नेऊन हवा बाहेर काढा, मग सावकाश मागे घ्या. पहिल्या खेपेला जिभेच्या पोकळीतली हवाही आत येते, म्हणून कन्व्हर्टर अर्धाच भरल्यासारखा दिसतो. निब शाईतच ठेवून हेच आणखी एकदा करा. शेवटी निब दौतीवर धरून दोन-तीन थेंब परत सोडा, निब वर करा आणि खुंटा फिरवून थोडी हवा आत घ्या. जिभेत तुंबलेली जादा शाई आत जाते आणि पहिल्याच ओळीवर डाग पडत नाही. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात.

कन्व्हर्टरची एक खोड आहे. शाई मागच्या टोकाला चिकटून बसते आणि पुढे रिकामी जागा राहते. पेनात शाई दिसते पण उतरत नाही. अरुंद नळीत पृष्ठताण गुरुत्वाकर्षणावर मात करतो म्हणून हे होतं. काही कन्व्हर्टरांत त्यासाठीच एक बारीक गोळी सोडलेली असते. नसेल तर बोटाने टिचकी मारा, आणि पुढच्या धुण्याच्या वेळी पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून कन्व्हर्टर आतून खळबळून घ्या.

कन्व्हर्टरमध्ये शाई कमी मावते म्हणून नाकं मुरडली जातात. पण हवाही कमी मावते. मघाचाच हिशेब अर्ध्या मिलिलिटर हवेला लावा : साडेचार टक्के म्हणजे अर्धा थेंबसुद्धा नाही, तो जिभेच्या कापांत सहज जिरतो. रोज लोकलच्या गर्दीत खिशाला पेन लावणाऱ्याने मुकाट्याने कन्व्हर्टर घ्यावा.

दट्ट्याचं पेन

इथे पंप पेनातच बसवलेला असतो आणि नळीचा मोठा भाग टाकी होतो. शेपटाची गुंडी फिरवली की दट्ट्या सरकतो. जर्मनीच्या पेलिकनने १९२९ साली बाजारात आणलेल्या पेनात हंगेरीच्या थिओडोर कोवाच यांची युक्ती होती. दट्ट्याला दोन वेगवेगळ्या चालीचे आटे दिल्यामुळे गुंडी किंचितच वर येते, पण दट्ट्या आत लांबचा पल्ला गाठतो. नाहीतर तेवढाच लांब दांडा पेनाच्या मागे बाहेर आला असता. पेलिकनने नळीत पारदर्शक पट्टाही ठेवला, त्यामुळे शाई किती उरली ते दिसू लागलं.

भरण्याची रीत कन्व्हर्टरचीच. दट्ट्या जड चालू लागला तर तेल घालू नका आणि जोरही लावू नका. निब फिरवून काढता येत असेल, जशी पेलिकनची येते, तर काडीच्या टोकावर सिलिकॉन ग्रीस घेऊन नळीच्या आतल्या भिंतीला नाममात्र लावा आणि दट्ट्या दोन-तीनदा पुढेमागे करा. तैवानच्या ट्विस्बीची पेनं पारदर्शक आहेत आणि ती ग्राहकाने उघडावीत अशा बेतानेच बनवलेली आहेत. हे यंत्र डोळ्यांनी बघून शिकायचं असेल तर त्यांच्यासारखं दुसरं नाही.

रबरी पिशवीची पेनं

आजोबांच्या कपाटात सापडणारी बहुतेक परदेशी पेनं या वर्गातली. तत्त्व एकच : पिशवी दाबली की हवा बाहेर, सोडली की ती पूर्ववत होताना शाई आत. दाबायचं कसं, यावरच कंपन्यांनी डोकं लढवलं. कॉंक्लिनने पेनाच्या अंगावर चंद्रकोरीची धातूची पट्टी ठेवली. तिच्यामुळे पेन टेबलावरून गडगडत नाही म्हणून मार्क ट्वेन खूश होता. आयोवातले जवाहिरे वॉल्टर शेफर यांनी १९०८ साली खटक्याचं पेटंट घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं बाजारात खटक्याचंच राज्य राहिलं. नळीवरची छोटी पट्टी नखाने उचलून काटकोनात आणायची, निब बुडवायची, पट्टी परत बसवायची, आणि दहा सेकंद निब शाईतच ठेवायची. पिशवी सावकाश फुगते, लगेच बाहेर काढलंत तर अर्धं पोट हवेनेच भरतं.

जुनं पेन हातात आल्यावर खटका जोराने उचलू नका. आतली पिशवी वाळून काचेसारखी कडक झालेली असते. खटका वाकतो किंवा नळी चिरते. निबचा भाग हेअर ड्रायरच्या कोमट हवेने सैल करून उघडायचा, जुन्या पिशवीचे तुकडे काढायचे, नव्या पिशवीला लाखेचं पातळ द्रावण लावून बसवायची आणि वरून टाल्कम पावडर. पिशवीचा नंबर इंचाच्या ६४ व्या भागात असतो, १६ नंबर म्हणजे पाव इंच. नळी सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लॅस्टिकची, असेल तर मात्र आच लावण्याचा उद्योग जाणकारावर सोडा. सेल्युलॉइड भुरकन पेटतं.

पिशवीच्या पेनांत मला सर्वांत हुशार वाटतं ते पार्कर ५१ चं १९४८ नंतरचं रूप, आणि त्याची चुलत भावंडं, म्हणजे आपल्याकडे घरोघरी असलेली चिनी हिरो पेनं. नळी काढली की धातूचं आवरण आणि त्यात दाबायची पट्टी दिसते. पिशवीच्या आत एक बारीक नळी वरच्या टोकापर्यंत गेलेली असते. खटक्याच्या पेनात दुसऱ्यांदा दाबलं की आधी आलेली शाईच बाहेर जाते. इथे निब खाली असताना दाबलं की वर साचलेली हवा त्या नळीतून बाहेर पडते आणि शाई जागच्या जागी राहते. म्हणून प्रत्येक दाबाला पिशवी आणखी भरते. पाच-सहा वेळा दाबा, दर वेळी सोडल्यावर दोन-तीन सेकंद थांबा, बुडबुडे यायचे थांबले की झालं. एकदाच दाबून ‘हिरोत शाईच मावत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

पार्करने १९५६ साली ६१ नावाचं पेन काढलं, त्यात हलणारा भागच नव्हता. पेनाचं मागचं टोक दौतीत उभं करायचं, केशाकर्षणाने शाई आपोआप वर चढायची. कल्पना देखणी, पण शाई आत वाळली की धुता धुता पुरेवाट. पुढे कंपनीनेही त्यात कार्ट्रिजची सोय केली.

व्हॅक्यूम

पायलट कस्टम ८२३ आणि ट्विस्बी व्हॅक ७०० ही आजची ठळक उदाहरणं. इंग्लंडमध्ये ओनोटोने हा मार्ग १९०५ सालीच चोखाळला होता. इथे शाई दट्ट्या मागे घेताना येत नाही, पुढे दाबताना येते.

१. शेपटाची गुंडी सोडवून दांडा पूर्ण मागे ओढा.

२. निब नीट बुडवा.

३. दांडा एका दमात, न थांबता खाली दाबा. दट्ट्याच्या मागे पोकळी तयार होते. नळीचं खालचं टोक थोडं रुंद केलेलं असतं; दट्ट्या तिथे पोहोचला की त्याची कड भिंतीपासून सुटते आणि शाई त्याच्या बाजूने उसळून मागच्या पोकळीत शिरते. दौत एका हाताने धरून ठेवा.

४. दहा सेकंद थांबा, मगच निब बाहेर काढा, गुंडी आवळा.

पेन नवं घेतल्यावर पान-दोन पानांनी ते कोरडं पडलं तर घाबरू नका, दुकानात परतही नेऊ नका. गुंडी आवळलेली असताना दट्ट्याचं टोक टाकी आणि जीभ यांमधली वाट झडपेसारखी बंद करतं. तोवर लिहिता ती फक्त जिभेतली शाई. सलग लिहायचं असेल तर गुंडी दोन-तीन मिलिमीटर सैल करा. लिहून झालं की परत आवळा. काही जपानी ड्रॉपर पेनांतही अशी झडप असते.

घाट, विमान आणि धुणं

मुंबईहून महाबळेश्वरला चढलात की हवेचा दाब साधारण १५ टक्के घटतो, पुण्यापर्यंत सहा-सात टक्के. विमानाच्या केबिनमध्ये तो जमिनीवरच्या पाऊणपटीपर्यंत उतरू शकतो, म्हणजे टाकीतली हवा एक तृतीयांशाने फुगू पाहते. अर्धं भरलेलं ड्रॉपरचं पेन बॅगेत आडवं ठेवून घाट चढलात तर टोपणात शाईचं तळं होणार. उपाय तीन : पेन पूर्ण भरून न्या (आट्यांखालची मघाची जागा सोडून), किंवा पूर्ण रिकामं, किंवा निब वर करून खिशात उभं. निब वर असेल तर फुगलेली हवा शाईला हात न लावता निघून जाते. व्हॅक्यूमचं पेन गुंडी आवळलेली असेल तर बिनघोर न्यावं.

शाई शाईपेनाचीच वापरा. कॅम्लिन, ब्रिल, सुलेखा यांतली कुठलीही साधी निळी-काळी चालेल. चित्रकलेच्या दुकानातली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक किंवा इंडिया इंक पेनात घातलीत तर ती जिभेत कायमची थिजते.

रंग बदलताना आणि एरवीही महिन्या-दोन महिन्यांनी पेन धुवा. थंड पाणी भरा-सोडा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गरम पाणी नको, एबोनाइटचा रंग उतरतो. स्पिरिट किंवा अल्कोहोल तर अजिबात नको, ते सेल्युलॉइड आणि ॲक्रिलिकची वाट लावतं. ड्रॉपरचं आणि कन्व्हर्टरचं पेन दहा मिनिटांत धुऊन होतं. दट्ट्याच्या आणि पिशवीच्या पेनात आत पाणी राहतंच. निब खाली करून टिश्यू गुंडाळा आणि पेन रात्रभर पेल्यात उभं ठेवा, टिश्यू ते शोषून घेतो. व्हॅक्यूमचं पेन असंच उभं करताना दांडा थोडा मागे ओढून ठेवायचा, नाहीतर झडप बंद राहते आणि पाणी आतच अडकतं.